इंजिन सोपे, इंधन अवघड

प्रस्तावना

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल मराठीत जे छापून येते, ते बहुधा दोन तऱ्हांचे असते. एका तऱ्हेत सायलेन्सरमधून नुसती वाफ बाहेर पडते आणि पेट्रोलपंपांना टाळे लागायची वेळ जवळ आलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत कुणीतरी चक्क पाण्यावर गाडी चालवून दाखवलेली असते. पहिलीत उतावीळपणा आहे. दुसरी सरळसरळ थाप आहे. पाणी ही हायड्रोजनची राख. ती पुन्हा पेटवायची तर आधी तिच्यात ऊर्जा ओतावी लागते, आणि जेवढी ओतावी तेवढी परत कधीच मिळत नाही. या दोन्ही तऱ्हांना फाटा देऊन, रिंगा-पिस्टनच्या पातळीवर उतरून लिहिलेले पुस्तक माझ्या पाहण्यात नव्हते. हे पुस्तक तसे आहे. त्याचे लेखक रत्नागिरीत पदविकेच्या मुलांना इंजिन शिकवतात. पुस्तक मात्र त्यांनी वर्गापुरते ठेवलेले नाही. गॅरेजवाला, टेम्पोमालक आणि वर्तमानपत्र वाचून प्रश्न पडणारा कुणीही ते हातात घेऊ शकेल. त्यांच्या काही निष्कर्षांशी माझे जमत नाही. तेही इथे सांगणार आहे, कारण नुसती पाठ थोपटायला प्रस्तावना लागत नाही.

हायड्रोजन इंजिन ही उद्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिचे वय दोनशेच्या पुढे आहे. १८०७ मध्ये फ्रांस्वा इसाक द रिवाझ याने स्वित्झर्लंडमध्ये एक गाडा चालवला. त्याच्या सिलिंडरमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटत असे. पेट्रोलची मोटार यायला अजून पाऊणशे वर्षे होती. म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या आरंभीच हायड्रोजन होता, आणि पेट्रोल मागाहून येऊन बाजी मारून गेले. ते का जिंकले, हे समजून घेतले की निम्मा विषय समजला. पेट्रोल डब्यात राहते, हायड्रोजन राहत नाही. पुढची दोनशे वर्षे हायड्रोजनचे इंजिन सुधारत गेले आणि डब्याचा प्रश्न तिथेच राहिला.

आणखी एक घोटाळा सुरुवातीलाच मिटवायला हवा. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले, तेव्हा ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. ती टोयोटाची मिराई होती, आणि तिच्यात इंजिनच नव्हते. तिच्यातल्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनची ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होऊन वीज तयार होते आणि मोटर फिरते. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी आणलेली बसही त्याच जातीची. या पुस्तकाचा विषय वेगळा आहे. इथे हायड्रोजन जळतो, पिस्टन खाली ढकलतो, क्रँक फिरते. आपल्या ओळखीचेच चार स्ट्रोक. बदलते ते फक्त आत येणारे इंधन.

पण हे इंधन कमालीचे उतावळे आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेटते. हायड्रोजन चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो. त्याला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याहूनही दुबळी चालते. त्यामुळे प्लगचे तापलेले टोक, एक्झॉस्ट वॉल्व्हची गरम कड किंवा हेडला चिकटलेला काजळीचा कण, यांतले काहीही त्याला वेळेआधी पेटवू शकते. इनटेक वॉल्व्ह उघडा असतानाच तो पेटला तर ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते, आणि गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेला बॅकफायरचा दणका बसतो. म्हणून या इंजिनाला थंड प्रकृतीचे प्लग लागतात आणि त्यांचे टोक प्लॅटिनमचे चालत नाही, कारण प्लॅटिनम स्वतःच हायड्रोजनला पेटायला मदत करते. पेट्रोलसाठी जो प्लग महागातला आणि चांगला, तोच इथे घातक! लेखकाने हे प्रकरण फार सुरेख लिहिले आहे. डिझेल इंजिनात नुसत्या दाबाने हायड्रोजन का पेटत नाही (त्याला जवळजवळ ५८५ अंश सेल्सिअस लागतात, डिझेलला त्याच्या निम्म्याहून कमी), मग ठिणगी तरी द्यावी लागते किंवा थोडे डिझेल आधी पेटवावे लागते, हेही त्यांनी आकृत्यांसह उलगडले आहे.

ताकदीचा हिशेब असाच मजेदार. वजनाला पाहिले तर हायड्रोजनसारखे इंधन नाही: एका किलोत सुमारे १२० मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या पावणेतीनपट. पण तो इतका विरळ आहे की इनटेकमधून सोडला तर सिलिंडरची जवळजवळ तीस टक्के जागा तोच खातो आणि हवेला जागा उरत नाही. म्हणून जुन्या पद्धतीचे हायड्रोजन इंजिन त्याच मापाच्या पेट्रोल इंजिनापेक्षा मऊ पडते. वॉल्व्ह बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये हायड्रोजन मारला, की हा तोटा भरून निघतो आणि बॅकफायरही जवळपास संपतो. मात्र त्या इंजेक्टरला कोरडा वायू हाताळावा लागतो. पेट्रोल-डिझेलमध्ये असते तेवढेही वंगण त्याला मिळत नाही, आणि झीज तिथे सुरू होते. धुरात कार्बन नसतो, हे खरे (वंगणाचे तेल जळते तेवढा अपवाद), पण हवेतला नायट्रोजन तापून तयार होणारी ऑक्साइड्स असतातच. हवा दुपटीहून जास्त ठेवून मिश्रण पातळ केले की ती खूप घटतात. मग ताकद टिकवायला टर्बो लागतो. एक गाठ सोडवावी तर दुसरी पडते.

गॅरेजवाल्यांसाठी पुस्तकातली दोन पाने मी कापून भिंतीवर लावीन. पहिले पान डिपस्टिकचे. हायड्रोजन जळून पाणी होते, आणि पाण्याची ही वाफ रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते. गाडी रोज पाच-सात किलोमीटरच फिरत असेल, इंजिन नीट तापतच नसेल, तर ऑइल दुधाळ होते. सवयीचा मेकॅनिक लगेच म्हणेल, हेड गॅस्केट गेले. इथे गॅस्केट धडधाकट असते. रिंगांतून खाली उतरलेला न जळलेला हायड्रोजनही क्रँककेसमध्ये साठू शकतो, म्हणून ब्रीदर चोंदणे ही किरकोळ तक्रार राहत नाही. दुसरे पान छपराचे. गळलेला एलपीजी खाली बसतो, त्यामुळे आपल्याला सर्व्हिसिंगच्या खड्ड्याची भीती. हायड्रोजन सरळ वर जातो आणि छपराखाली अडतो. त्याला वास नाही, उजेडात त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. जुन्या मंगलोरी कौलांच्या शेडमध्ये तो फटींतून निघून जाईल. स्लॅबच्या किंवा चारी बाजूंनी बंद पत्र्याच्या शेडमध्ये माथ्याशी वाट काढून द्यावी लागेल, आणि वरचे दिवे-पंखेही ठिणगी न उडवणारे लागतील.

या इंजिनाचे आश्वासन कशात आहे, तेही आता स्पष्ट होते. ते आपल्याला येणाऱ्या कामात आहे. आंबा घाट चढून गेले की कोल्हापूरची फाउंड्री-पट्टी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या भट्ट्यांत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. पुणे-चाकणला ते यंत्रावर चढतात, जोडले जातात; पुण्यातच १९६६ पासूनची एआरएआय वाहने तपासून प्रमाणित करते. बॅटरीच्या गाडीत यातले बरेच काम उरत नाही. हायड्रोजनच्या इंजिनात बहुतेक सगळे उरते. शिवाय फ्युएल सेलला अत्यंत शुद्ध, ९९.९७ टक्क्यांचा हायड्रोजन लागतो. इंजिन एवढे नखरे करत नाही. धूळ, उकाडा, घाटातला जड भार हे सगळे ते ओळखीच्या पद्धतीने सोसते. म्हणून कारखानदार, कामगार संघटना आणि सरकार या तिघांनाही ते एकाच वेळी आवडते. असे सहसा घडत नाही, आणि घडते तेव्हा जरा जपून राहिलेले बरे.

कारण मोटारीत बसवायला गेले की डबा आडवा येतो. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ठेवायला अकरा हजार लिटर जागा लागते. तो ७०० बारपर्यंत दाबला तरी एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा मावते. आपल्या रिक्षांतला सीएनजी साधारण २०० बारचा असतो. त्याच्या टाकीची ठरावीक मुदतीने हायड्रो टेस्ट करावी लागते आणि भरायला रांगेत उभे राहावे लागते, हे रत्नागिरीत सांगायला नको. हायड्रोजनची टाकी त्याच्या साडेतीनपट दाबाची, कार्बन फायबरची. आत पाच किलो वायू ठेवायला टाकीचेच वजन ऐंशी-शंभर किलो भरते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. द्रवरूपात ठेवावा तर उणे २५३ अंश सेल्सिअस. दाभोळच्या टर्मिनलला येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांचा असतो, त्यापेक्षाही ९१ अंश खाली.

बीएमडब्ल्यूने हे करून पाहिले. २००६-०७ मध्ये त्यांनी हायड्रोजन ७ नावाच्या शंभर मोटारी बनवल्या. बारा सिलिंडरचे इंजिन पेट्रोलवरही चाले आणि द्रवरूप हायड्रोजनवरही. आठ किलो हायड्रोजनमध्ये गाडी दोनशे किलोमीटरच्या थोडी पुढे जाई. शिवाय ती नुसती उभी राहिली तरी आतला हायड्रोजन हळूहळू उकळून हवेत जाई. दहा-बारा दिवसांत टाकी रिकामी. मे २०२१ मध्ये टोयोटाने हायड्रोजन इंजिनाची कोरोला जपानच्या फुजी ट्रॅकवर चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली, आणि खुद्द अध्यक्ष अकिओ टोयोदा तिच्या चालकांपैकी एक होते. गाडीने ३५८ फेऱ्या मारून शर्यत पुरी केली. इंजिन चोवीस तास टिकले, ही खरोखर मोठी गोष्ट. पण चोवीस तासांतला बराचसा वेळ हायड्रोजन भरण्यात आणि दुरुस्तीत गेला. शर्यतीच्या गाडीची कथा इथे एका ओळीत सांगता येते: इंजिन पास, इंधन काठावर.

आता विजेचा हिशेब. लेखकाने तो दिला आहे, पण माझ्या मते पुस्तकात फार मागे दिला आहे. तो पहिल्या पानावर हवा होता. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला आणि दाबून भरायला सगळे मिळून पंचावन्न युनिटच्या आसपास वीज लागते. त्यात हातात येते तेहतीस युनिटांची ऊर्जा. इंजिनाच्या उष्णतेत त्यातला दोनतृतीयांश भाग जातो. मध्यम आकाराची मोटार त्यावर साठ-सत्तर किलोमीटर जाईल असे धरू. तीच पंचावन्न युनिटे बॅटरीत भरली तर गाडी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. आपल्या रस्त्यावर मांडायचे तर एवढ्याच विजेत बॅटरीची मोटार रत्नागिरीहून निघून पनवेल गाठते आणि हायड्रोजन इंजिनाची मोटार सावर्ड्याला थांबते. युनिटला पाच रुपये धरले तर विजेचेच पावणेतीनशे रुपये होतात. तेवढ्या पैशांत पेट्रोलची गाडी पन्नासेक किलोमीटर जाते, म्हणजे वरकरणी हायड्रोजनच स्वस्त वाटेल. पण पेट्रोलच्या किमतीत कर, वाहतूक, पंपचालकाचे कमिशन सगळे धरलेले असते. हायड्रोजनच्या पावणेतीनशेत ना इलेक्ट्रोलायझर आला, ना कॉम्प्रेसर, ना टँकर, ना पंप, ना कर.

आणि वीज कुठली, हा प्रश्न तर त्याहून मोठा. रत्नागिरी तालुक्यातच जयगडला बाराशे मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ती वीज वापरून केलेल्या एका किलो हायड्रोजनमागे तो ३८ किलोंच्या घरात जाईल. सावर्ड्यापर्यंत पेट्रोलची गाडी नेली असती तर आठ-साडेआठ किलोंवर भागले असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली, तिच्यात किलोमागे दोन किलोंची मर्यादा आहे. तेव्हा सौर, पवन किंवा जलविद्युत यांखेरीज हायड्रोजनच्या गाडीला अर्थच उरत नाही. सायलेन्सरमधून वाफ निघते की धूर, हे फार तर अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे वीजकेंद्राच्या चिमणीत असते.

इथे लेखकाचे आणि माझे मतभेद सुरू होतात. शेवटच्या भागात ते म्हणतात की पंप झाले की मोटारी आपोआप येतील. मला ते पटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःचे धोरण आणले. मार्च २०२५ मध्ये केंद्राने वाहतुकीचे पाच पथदर्शी प्रकल्प जाहीर केले. त्यांत ३७ वाहने, ९ पंप, २०८ कोटी रुपयांचे साहाय्य. ३७ पैकी २२ वाहनांत हायड्रोजनचे इंजिन, १५ मध्ये फ्युएल सेल. मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. त्याच महिन्यात टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांच्या चाचण्याही सुरू झाल्या, दोन्ही जातींच्या. ही यादी बारकाईने पाहावी: ती सगळी ट्रकांची आणि बसेसची आहे, तिच्यात घरगुती मोटार एकही नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर २०१२ मध्ये आयआयटी दिल्ली आणि महिंद्र यांनी हायड्रोजन इंजिनाच्या पंधरा तीनचाकी फिरवून दाखवल्या होत्या. त्या मैदानाबाहेरच्या रस्त्यांवर पसरल्या नाहीत. मोटारीपुरता निकाल बॅटरीच्या बाजूने जवळजवळ लागलेला आहे असे मला वाटते. जाणकार वाचकाने दोघांचे ऐकून आपले मत बनवावे.

मग रत्नागिरीकराने हे पुस्तक का वाचावे? कारण मोटार बाजूला ठेवली तरी बॅटरीला न पेलणारी कामे उरतात, आणि ती आपल्या जिल्ह्यात बरीच आहेत. रोज त्याच ठिकाणी परत येणारे, जड भाराचे आणि थांबून चार्जिंग करायला वेळ नसलेले यंत्र शोधले पाहिजे. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात २०२३ च्या अखेरीपासून हायड्रोटग नावाची टगबोट काम करते. तिची इंजिने हायड्रोजन आणि डिझेल दोन्ही मिळून जाळतात, आणि डेकवरच्या टाक्यांत ४१५ किलो हायड्रोजन मावतो. जहाजावर जागा असते आणि वजनाचे ओझे कमी जाणवते. बंदरात एकच पंप पुरतो. जयगड बंदरातल्या टगबोटी, मिरकरवाड्याचे ट्रॉलर, चिरेखाणींवरची यंत्रे, लोट्याच्या वसाहतीतले जनरेटर यांचा विचार लेखकाने स्वतंत्र प्रकरणात केला आहे, आणि तेच मला पुस्तकाचे सर्वांत मोलाचे प्रकरण वाटते. लांब पल्ल्याच्या ट्रकांबद्दल मात्र इथे एक स्पर्धक आधीच उभा आहे. कोकण रेल्वे १९९९ पासून रो-रो गाडीवर भरलेले ट्रक चढवून नेते, आणि २०२२ मध्ये हा मार्ग पूर्णपणे विजेवर आला. मालाने भरलेला ट्रक विजेच्या गाडीवर बसून घाट ओलांडत असताना त्याच्यासाठी हायड्रोजनचा पंप कुठे बांधायचा, याचे उत्तर आधी हवे.

पाण्याबद्दलही भीती आणि वस्तुस्थिती वेगळी करावी लागते. एका किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि थंडावा धरून त्याच्या दुप्पट-अडीचपट. मोठ्या कारखान्यांच्या मानाने हे पाणी अफाट नाही. कोयनेचे वीज निर्माण करून पोफळीकडे उतरलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राकडे जाते, आणि ते वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत असते. जलविद्युत तिथेच, पाणीही तिथेच. कागदावर चिपळूण तालुक्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. पण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांना टँकर लागतात. जिथे बाया हंडे घेऊन उभ्या आहेत तिथे हायड्रोजनचे पाणी थोडेच आहे असे सांगणाऱ्याला कुणी उभे करणार नाही, आणि करूही नये. शिवाय कोयनेची वीज आज संध्याकाळच्या ताणाच्या वेळी राज्याला लागते. ती हायड्रोजनकडे वळवली तर तिची जागा बहुधा कोळसा भरून काढणार.

ऊर्जेच्या आश्वासनांची कोकणाला सवय आहे. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नावाने पुन्हा उभा करावा लागला. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि रिफायनरीचा वाद बारसूच्या सड्यावर गेला. या प्रत्येक वेळी इथल्या माणसासमोर दोनच पर्याय ठेवले गेले: विकास हवा की विरोध करायचा? तांत्रिक प्रश्न विचारण्याची जागा तिसरी असते, आणि ती रिकामीच राहिली. उद्या कुणी हायड्रोजनचा आराखडा घेऊन आला तर ती जागा भरलेली असावी, एवढ्यासाठी या पुस्तकाचे महत्त्व आहे. किलोमागे किती युनिटे, आणि ती कुठल्या केंद्रातली? मे महिन्यातले पाणी कुठून? कोणती वाहने, आणि ती रोज कुठे परतणार? पंपाच्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती करणारा माणूस रत्नागिरीत राहणार की पुण्याहून बोलवावा लागणार? आणि हेच काम थेट विजेवर होत नाही का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होते’ असे आले, तर हायड्रोजन तिथेच सोडून द्यावा. ‘होत नाही’ असे आले, तर या पुस्तकातले इंजिन मनापासून शिकून घ्यावे, कारण ते बनवायची आणि दुरुस्त करायची अक्कल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. लेखकाने मुलांना प्लगचे टोक आणि विजेचे बिल या दोन्हींकडे एकाच वेळी बघायला शिकवले आहे. त्यांच्या हातून तयार झालेला मेकॅनिक हायड्रोजनच्या गाडीवर काम करो वा न करो, त्याला कुणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

रत्नागिरी